सिटी कौन्सिलच्या उमेदवाराला गटाचा पाठिंबा द्यायचा, तर नियम कधी ठरवावेत?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हाला दिसेल. कॅलिफोर्नियात साउथ बेमध्ये तुमचा पन्नासेक जणांचा पुरोगामी गट आहे, त्यात मराठी मंडळी बरीच. येत्या ३ नोव्हेंबर २०२६ ला तुमच्या सिटी कौन्सिलच्या दोन जागांची निवडणूक आहे. जागा सगळ्या शहराच्या मिळून आहेत, वॉर्डाच्या नाहीत. तीन-चार इच्छुक आतापासूनच तुमच्या लोकांना कॉफीला बोलावतायत. मागच्या खेपेला पाठिंब्यावरून बैठकीत जुंपली आणि दोन जुने मेंबर गट सोडून गेले. म्हणून या वेळी मतदान कसं घ्यावं, एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या मेंबरांनी मत द्यावं का, आणि गटाचा निर्णय महाराष्ट्र मंडळाच्या ईमेल यादीवर पाठवता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

मागच्या भांडणाचं वर्णन पुन्हा वाचून पाहा. त्यात उमेदवार चांगला की वाईट हा मुद्दा जवळपास नाहीच. भांडण झालं ते नव्या मेंबरांनी मत द्यावं का, कोऱ्या मतपत्रिका मोजायच्या का आणि साधं बहुमत पुरे का, यावर. म्हणजे नियम ठरत होते ते उमेदवारांची नावं फळ्यावर लिहिलेली असताना. अशा वेळी प्रत्येक नियम कुणाच्या तरी पथ्यावर पडतो आणि तो सुचवणारा माणूस कितीही सरळ असला तरी डाव खेळतोय असंच वाटतं. ज्यांनी हाउसिंग सोसायटीच्या एजीएममध्ये प्रॉक्सीवरून झालेली खडाजंगी पाहिलीय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा नियम ३० जूनच्या आत लिहून, बैठकीत मंजूर करून घ्या. ही तारीख हवेतून काढलेली नाही. कॅलिफोर्नियात उमेदवारी अर्जांची मुदत निवडणुकीच्या ११३ दिवस आधी उघडते आणि ८८ दिवस आधी बंद होते. यंदा ते दिवस १३ जुलै आणि ७ ऑगस्ट. विद्यमान सदस्य लढायला पात्र असूनही त्याने अर्ज भरला नाही, तर इतरांसाठी मुदत पाच दिवसांनी, १२ ऑगस्टपर्यंत वाढते. पुढची पक्की तारीख ५ ऑक्टोबर. निवडणुकीच्या २९ दिवस आधीपर्यंत प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला टपालाने मतपत्रिका पाठवायला सुरुवात करावी लागते. बरेच लोक ती आठवड्याभरात भरून टाकतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यावर जाहीर केलेला पाठिंबा म्हणजे वरातीमागून घोडं. उलट मोजत या. १३ ऑगस्टला प्रश्नावली सगळ्यांना एकाच दिवशी पाठवा आणि २३ तारखेपर्यंत परत मागा. मुलाखती २९ आणि ३० ऑगस्टला ठेवा. पुढचा शनिवार-रविवार लेबर डेच्या सुट्टीचा आहे, तेव्हा माणसं जमणार नाहीत. मतदान १२ सप्टेंबरला, घोषणा दुसऱ्या दिवशी. दारोदार फिरायला त्यातून तीन शनिवार हातात उरतात.

मतदार कोण, हा पहिला नियम. वर्गणी भरून तीस दिवस झालेला मेंबर मत देऊ शकतो, असा नियम पुष्कळ गटांत असतो. तुमच्या बाबतीत तो पुरेसा नाही. १२ सप्टेंबरच्या तीस दिवस आधी म्हणजे १३ ऑगस्ट, आणि तोवर अर्ज भरून झालेले असतात. ज्या उमेदवाराला तुमचा पाठिंबा हवाय तो जुलैमध्ये आपले पंचवीस मित्र तुमचे मेंबर करून घेऊ शकतो. पन्नासच्या गटात पंचवीस! हे बेकायदा नाही, आणि कित्येकदा त्यात कपटही नसतं. उत्साही उमेदवार माणसं जमवतोच. पण मग तो पाठिंबा तुमच्या गटाचा राहत नाही. म्हणून मतदानाचा हक्क ३० जूनपर्यंत वर्गणी भरलेल्यांना आणि गेल्या बारा महिन्यांत किमान दोन बैठकांना आलेल्यांना द्या. त्यानंतरच्या नव्या मेंबरांना चर्चेत बसू द्या, बोलू द्या, मत पुढच्या वेळी. एकाने दुसऱ्याची वर्गणी भरायची नाही हेही लिहून ठेवा. ज्याला वर्गणी परवडत नाही त्याला ती माफ करण्याची सोय गटाकडेच हवी. नाहीतर बारा मेंबरशिपा एकाच क्रेडिट कार्डावरून आलेल्या खजिनदाराला दिसतात आणि काय करायचं ते कुणालाच कळत नाही.

दुसरा नियम टक्क्यांचा. साध्या बहुमतावर पाठिंबा देऊ नका, ६० टक्के ठेवा. एकावन्न विरुद्ध एकोणपन्नास असा निकाल लागला, तर निम्मा गट प्रचाराला येत नाही, आणि माणसांशिवाय पाठिंबा म्हणजे नुसतं लेटरहेड. पण ६० टक्के कशाचे, हे लिहिलं नाही तर आकड्याला अर्थ नाही. समजा एका जागेच्या पाठिंब्यासाठी पन्नास जणांनी मतपत्रिका घेतल्या. पहिल्याला २७, दुसरीला १३, ‘कुणालाच पाठिंबा नको’ या पर्यायाला ४ आणि ६ मतपत्रिका कोऱ्या. पन्नासातून मोजलं तर पहिल्याला ५४ टक्के मिळाले, पाठिंबा नाही. कोऱ्या वगळून ४४ मधून मोजलं तर ६१ टक्क्यांवर मिळाले, पाठिंबा मिळाला. तीच मतं, तीच माणसं, आणि निकाल उलटा. माझं मत विचाराल तर कोऱ्या वगळाव्यात. ज्याला विरोध करायचाय त्याच्यासाठी ‘कुणालाच नको’ हा पर्याय छापलेला असतोच, आणि तो प्रत्येक मतपत्रिकेवर, प्रत्येक फेरीत असायलाच हवा. पहिल्या फेरीत कुणी ६० ओलांडले नाहीत तर वरचे दोघं आणि ‘कुणालाच नको’ अशी दुसरी फेरी घ्या. तिथेही नाही ओलांडले, तर त्या जागेसाठी पाठिंबा नाही, विषय संपला. तिसरी फेरी घेऊ नका. तिसऱ्या फेरीपर्यंत निम्मे लोक घरी गेलेले असतात आणि उरलेले जेवायची वाट पाहत असतात.

दोन जागा आहेत म्हणून दोन नावं दिलीच पाहिजेत असं नाही. तुमच्याकडे मतदार दोघांना मत देतो आणि सर्वाधिक मतांचे दोघं निवडून येतात. एकच उमेदवार ६० च्या वर गेला, तर एकालाच पाठिंबा द्या. अर्ध्या मनाने दिलेलं दुसरं नाव तुमच्याच पहिल्या उमेदवाराच्या पुढे निघून जाऊ शकतं. तिघांना पाठिंबा मात्र कधीच नको. दोन जागांसाठी तीन नावं सुचवणारा गट मतदाराला काहीच सांगत नसतो. एक ना धड, भाराभर चिंध्या.

इथे न्यू यॉर्कचं उदाहरण कुणीतरी काढेलच, म्हणून त्यातला फरक सांगून ठेवतो. २०२५ च्या महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, वर्किंग फॅमिलीज पार्टी या छोट्या डाव्या पक्षाने मार्चअखेर एकदम चौघांची नावं जाहीर केली: ब्रॅड लँडर, झोहरान ममदानी, एड्रियन ॲडम्स आणि झेलनॉर मायरी. मग मेअखेर त्यातल्या ममदानींना पहिला क्रम द्या असं सांगितलं. तिथे हे चाललं, कारण न्यू यॉर्क शहराच्या प्रायमरीत मतदार पाच जणांपर्यंत पसंतीक्रम लावू शकतो. आपला पहिला बाद झाला तर मत दुसऱ्याकडे जातं, वाया जात नाही. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडमध्येही पसंतीक्रमाची पद्धत आहे. तुमच्या शहरात नाही. दुसरीकडून पद्धत उचलताना आधी तिथली मतपत्रिका कशी असते ते पाहावं. न्यू यॉर्कमध्ये त्या पक्षाची मतपत्रिकेवर स्वतःची ओळ असते, तेव्हा सार्वत्रिक निवडणुकीत त्यांचा पाठिंबा म्हणजे छापील जागा. कॅलिफोर्नियात सिटी कौन्सिलची निवडणूक पक्षविरहित असते, उमेदवाराच्या नावापुढे पक्षही छापत नाहीत. त्यामुळे तुमच्या पाठिंब्याचं वजन तुम्ही किती दारं वाजवता त्यावर ठरतं. तुमचा गट डेमोक्रॅटिक पक्षाच्या काउंटी समितीकडून चार्टर, म्हणजे अधिकृत मान्यता, मिळालेला क्लब असेल, तर चार्टरच्या अटी आधी वाचा. अपक्ष किंवा दुसऱ्या पक्षात नोंद असलेल्या उमेदवाराला पाठिंबा देता येतो की नाही, हे त्यात असतं.

आता प्रश्नावली. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि बहुतेक एकाच जातीच्या: त्या पदाच्या हातात नसलेल्या गोष्टी विचारायच्या. सिटी कौन्सिलच्या उमेदवाराला सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य विम्याबद्दल विचारलंत तर तो खुशीने ‘हो’ म्हणेल, कारण त्याला त्यावर कधी मत द्यावंच लागणार नाही. कौन्सिलच्या हातात काय असतं? जमीन वापराचे नियम, शहराचं बजेट, पोलिसांवरचा खर्च, सिटी मॅनेजरची नेमणूक, भाडेकरूंना स्थानिक संरक्षण. त्यातही मर्यादा असतात. भाडेनियंत्रणाचंच घ्या. १९९५ च्या कोस्टा-हॉकिन्स कायद्यामुळे १ फेब्रुवारी १९९५ नंतर बांधलेल्या घरांवर आणि स्वतंत्र बंगल्यांवर शहराला भाडेनियंत्रण लावता येत नाही. २०१९ च्या राज्याच्या कायद्याने बऱ्याच घरांची वार्षिक भाडेवाढ ५ टक्के अधिक महागाई, आणि फार तर १० टक्के, इतकी बांधून दिलीय. तो कायदा २०३० च्या सुरुवातीला संपतो. तेव्हा ‘तुम्ही भाडेनियंत्रणाच्या बाजूने आहात का?’ हा प्रश्न वाया. ‘१९९५ पूर्वीच्या इमारतींसाठी राज्यापेक्षा कमी मर्यादा ठेवणारा ठराव आला, तर मत काय द्याल? मर्यादा किती असावी? भाड्याच्या घरांची नोंदवही करायला आणि तिचा खर्च घरमालकांकडून फी म्हणून घ्यायला तुमची तयारी आहे का?’ असं विचारा. उत्तरात आकडा आला की माणूस गृहपाठ करून आलाय. ‘या विषयावर सर्व संबंधितांशी संवाद साधीन’ असं आलं, तर तेही उत्तरच आहे.

प्रश्न बारा ते पंधरा ठेवा. प्रत्येकाला आधी हो किंवा नाही, मग शंभर शब्द. चाळीस प्रश्न पाठवलेत तर उत्तरं उमेदवार देत नाही, त्याचा पगारी सल्लागार देतो. उत्तरं जशीच्या तशी जाहीर होतील हे पहिल्याच ओळीत सांगा. निम्मी गुळमुळीत उत्तरं तेवढ्याने सरळ होतात.

पैशाचे प्रश्न वेगळे काढा. बिल्डर, पोलीस युनियन, तेल कंपन्या यांपैकी कुणाचे पैसे घेतलेत आणि पुढे घ्याल का, हे नावानिशी विचारा. शहराची स्वतःची मर्यादा नसेल, तर राज्याच्या नियमाने २०२५–२६ साठी एका देणगीदाराकडून एका निवडणुकीला ५,९०० डॉलरपर्यंत घेता येतात, म्हणजे बऱ्यापैकी मोठा चेक. देणग्यांचा तपशील फॉर्म ४६० मध्ये असतो आणि तो सिटी क्लार्ककडे कुणालाही पाहता येतो. अडचण वेळेची आहे. निवडणुकीआधीचा पहिला ४६० येतो २४ सप्टेंबरला, तुमच्या मतदानानंतर बारा दिवसांनी. जुलैअखेरचा अहवाल जुन्या खेळाडूंचा मिळेल; ऑगस्टमध्ये अर्ज भरलेल्या नवख्याचा त्यात काहीच नसेल. म्हणून प्रश्नावलीतच आजपर्यंतच्या १०० डॉलरवरच्या देणगीदारांची यादी मागा. शिवाय ५ ऑगस्टपासून एकाच देणगीदाराकडून १,००० डॉलर किंवा त्याहून जास्त आले, तर उमेदवाराला २४ तासांत फॉर्म ४९७ वर कळवावं लागतं. मुलाखतीच्या आदल्या रात्री ते एकदा चाळा. उमेदवारी अर्जासोबत फॉर्म ७०० भरावा लागतो, त्यात मालमत्ता आणि उत्पन्नाचे स्रोत दिसतात. भाडेकरूंच्या बाजूने जोरात बोलणाऱ्याची तुमच्याच शहरात भाड्याने दिलेली चार घरं आहेत का, ते तिथे कळेल. असली तर तो बादच, असं मी म्हणणार नाही. पण प्रश्न विचारायला हवा.

मुलाखत प्रत्येकाला वीस मिनिटं. तीन मिनिटं त्याची, बारा मिनिटं सगळ्यांना सारख्याच प्रश्नांची, पाच मिनिटं प्रश्नावलीतल्या त्याच्या स्वतःच्या उत्तरांवर. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. मुलाखत समिती पाच जणांची असावी. कुणी उमेदवाराच्या प्रचारात पगारावर आहे, नातेवाईक आहे किंवा १०० डॉलरच्या वर देणगी दिलीय, तर समितीत बसायचं नाही आणि मतमोजणीला हात लावायचा नाही. मेंबर म्हणून मत द्यायला हरकत नाही, फक्त बोलायला उभं राहताना आधी संबंध सांगायचा. समितीने शिफारस करावी का, यावर गटागटात मतभेद असतात. पन्नासच्या गटात शिफारस नको असं मला वाटतं, कारण इतक्या छोट्या गटात ती निकालच होऊन बसते. समितीने उत्तरांचा दोन पानी गोषवारा द्यावा, निर्णय मेंबरांचा. मतदान गुप्त असावं. विद्यमान कौन्सिल सदस्य तुमच्या बैठकीला येऊन बसणार असेल, तर हात वर करून कोण काय बोलणार?

एच-वन-बीचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि मराठी गटांत हमखास राहून जातो. अमेरिकी कायद्यात ‘परदेशी नागरिक’ म्हणजे ज्याच्याकडे नागरिकत्व नाही आणि ग्रीन कार्डही नाही. ग्रीन कार्डवाला मतदान करू शकत नाही, पण देणगी देऊ शकतो आणि गटाच्या निवडणूकविषयक निर्णयांत भाग घेऊ शकतो. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर अशा तात्पुरत्या व्हिसांवर असलेल्यांना अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीत, अगदी स्कूल बोर्डाच्याही, देणगी देता येत नाही. आणि नियमाची दुसरी बाजू अशी की राजकीय संघटनेच्या निवडणूकविषयक निर्णयप्रक्रियेत त्यांनी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष भाग घ्यायचा नाही, विशेषतः पैसा कुठे खर्च करायचा यात. तुमच्या पाठिंब्याला पत्रकं, जाहिराती, खर्च जोडलेला असणार, तेव्हा सुरक्षित मार्ग एकच: या मेंबरांनी पाठिंब्याच्या मतदानात आणि समितीत नसावं, आणि त्यांची वर्गणी निवडणुकीच्या खात्यात जाऊ नये. वर्गणीची दोन खाती करा. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून ते फोन करू शकतात, दारोदार जाऊ शकतात, उमेदवाराला प्रश्न विचारू शकतात. ही रेघ बैठकीत उभं राहून एखाद्याला दाखवणं फार अपमानास्पद होतं, म्हणून तीही ३० जूनच्या नियमांत, सगळ्यांसाठी सारखी लिहिलेली असावी. प्रत्येकाने फॉर्मवर आपणच खूण करायची, कागदपत्रं कुणी मागायची नाहीत. कुणाच्या बाबतीत शंका असेल तर त्याने इमिग्रेशन वकिलाला विचारावं, गटाच्या सेक्रेटरीला नव्हे.

खर्चाचं गणित. आपल्याच मेंबरांना पाठवलेली पाठिंब्याची ईमेल कॅलिफोर्नियात प्रचारखर्च धरला जात नाही. बाहेरच्या मतदारांसाठी छापलेलं डोअर हँगर, म्हणजे दाराच्या मुठीला अडकवायचं पत्रक, मात्र खर्च आहे. उमेदवाराशी बोलून छापलंत तर ती त्याला वस्तुरूपाने दिलेली देणगी होते आणि त्यालाही दाखवावी लागते. न बोलता, स्वतंत्रपणे वर्षात १,००० डॉलर किंवा जास्त खर्च केलात, किंवा निवडणुकीसाठी म्हणून २,००० डॉलर किंवा जास्त गोळा केलेत, तर राज्याच्या फेअर पोलिटिकल प्रॅक्टिसेस कमिशनच्या नियमांनुसार तुमचा गट ‘कमिटी’ ठरतो आणि अहवाल भरावे लागतात. छापखान्यात ऑर्डर देण्याआधी कमिशनच्या सल्ला विभागाला विचारा, ते फुकट सांगतात.

महाराष्ट्र मंडळाच्या यादीवर पाठवायचं का, तर नाही. तुमचं मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, म्हणून नोंदलेलं असेल, आणि पुष्कळ मंडळं तशीच असतात, तर १९५४ पासूनच्या नियमाने त्याला कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात उतरता येत नाही. यादी, लेटरहेड, व्हॉट्सॲप ग्रुप, गणपतीचा मंडप, सगळं यात आलं. गणपतीत एखाद्याला उमेदवार म्हणून बोलावलंत, तर त्या पदाच्या बाकीच्यांनाही तशीच संधी द्यावी लागते. मंडळाचे अध्यक्ष तुमच्या गटाचे मेंबर असले तरी चालेल. पण पाठिंब्याच्या पत्रकावर त्यांच्या नावापुढे मंडळाचं पद छापू नका.

पाठिंबा देण्याआधी उमेदवाराला काय देणार, तेही आकड्यात ठरवा. आठ स्वयंसेवक, तीन तास, ताशी पंधरा दारं, म्हणजे एका शनिवारी ३६० दारं. त्यातली चारात एक उघडली तर नव्वदेक माणसांशी बोलणं झालं. तीन शनिवारांत पावणेतीनशेच्या आसपास. छोट्या शहरात निकाल काहीशे मतांवर फिरू शकतो, तेव्हा हे थोडं नाही. पण हीच माणसं दोन उमेदवारांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला काय उरतं ते मतदानाआधी मेंबरांना फळ्यावर मांडून दाखवा.

पाठिंबा मागे घेण्याचं कलम याच नियमांत हवं: पाच दिवसांची नोटीस, दोन तृतीयांश मतं, आणि कारणं मोजकी, म्हणजे प्रश्नावलीतलं उत्तर खोटं ठरणं, नाही म्हटलेले पैसे घेणं, किंवा गंभीर गैरवर्तन. २४ सप्टेंबरचा अहवाल आला की समितीतल्या दोघांनी तो उमेदवाराच्या उत्तरांशी ताडून पाहायचा, हे काम आत्ताच नावानिशी वाटून द्या. कलम असलं की ते वापरायची वेळ सहसा येत नाही, पण उमेदवाराला ते मुलाखतीच्या वेळीच वाचून दाखवायला हवं.

निकाल लागला की, बाहेर जाहीर करण्याआधी, अध्यक्षांनी त्याच संध्याकाळी पाठिंबा न मिळालेल्यांना स्वतः फोन करावा. मतांचे आकडे सांगायचे की नाही हेही नियमातच ठरलेलं असू द्या. मी सांगण्याच्या बाजूने आहे. ज्यांना मिळालाय त्यांना पत्रकावर नेमके कोणते शब्द छापायचे ते लिहून पाठवा. एकालाच दिला असेल तर ‘एकमेव पाठिंबा’ छापू द्या, दोघांना दिला असेल तर तो शब्द वापरू देऊ नका. तुमचा लोगो हवा असेल तर छापण्याआधी प्रूफ तुमच्या सेक्रेटरीकडे यायला हवं.